बसल्या जागी तेरा हजार पावलं

छप्पन्नाव्या वर्षी, डोक्यावरचे निम्मे केस गेल्यावर आणि दोन्ही मुली आपापल्या संसाराला लागल्यावरही माणसाला 'धाकटे मास्तर' म्हणतात, याला कारण एकच असतं. थोरले मास्तर अजून समोर बसलेले असतात.

त्या शिलाईच्या दुकानात थोरले मास्तर खिडकीपाशी उंच स्टुलावर बसून काजं करायचे, बटणं लावायचे, तुरपाई करायचे. धाकटे मास्तर मशीनवर. गिऱ्हाइकं दोघांना याच नावांनी ओळखायची. धाकटा थोरल्याला दादा म्हणायचा, तेव्हा आपणही दादाच म्हणू.

दादाही पूर्वी मशीनवर बसायचा. धाकट्याला सुई धरायला त्यानेच शिकवलं, आणि बोटं सुजेपर्यंत शिकवलं. चार वर्षांपूर्वी त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शुगर होती. नव्या बुटाने एक फोड आला, एवढासा, वाटाण्याएवढा. मग करंगळी गेली, मग पाऊल, मग पाय. हे सगळं एका वर्षात झालं आणि धाकटा त्या वर्षभर दवाखान्याच्या बाकावर बसून होता. तेव्हापासून दादा स्टुलावर आला. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या असत, आणि कुणी गिऱ्हाइकाने त्यांवर चुकून कोट अडकवला तर तो म्हणायचा, "लटकवा, लटकवा. त्यांना तरी काय काम आहे दिवसभर?"

दादाच्या पँटी धाकटाच शिवायचा. कापताना तो दोन्ही पाय पूर्ण लांबीचे कापायचा. हाताला तीच सवय. मग जीभ चावायचा, डाव्या पायाची खालची बाजू कापून टाकायचा आणि टोक आत वळवून बंद शिवायचा. उरलेला तुकडा कपाटावरच्या बोचक्यात जायचा. तो फेकवत नव्हता आणि वापरवतही नव्हता. चार वर्षांत तिथे सात तुकडे जमले होते.

म्हणून जेव्हा धाकट्याच्याही रक्तात साखर निघाली, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. डॉक्टर समजावत होते की घाबरण्यासारखं काही नाही, वेळेवर कळलंय, गोळ्या घ्या, चाला. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. त्याला बोचक्यातले तुकडे दिसत होते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि धाकटा मुळातच भित्रा. लहानपणी पाल दिसली की दादाच्या मागे लपायचा. आता लपायचं कुणामागे? त्याने भित्र्या माणसांचा जुना उपाय केला: बघायचंच नाही. अंघोळीच्या वेळी पाय धुताना तो समोरच्या भिंतीकडे बघायचा. मोजे चढवताना खिडकीकडे. दोन वर्षांत त्याने आपला तळपाय पाहिला नव्हता म्हटलं तरी चालेल.

आणि पाहायला हवं असं काहीतरी होत होतं. जमीन आणि पाय यांच्यामध्ये कुणी फ्लॅनेलचा तुकडा घातलाय असं त्याला वाटायचं. आधी वाटलं, बूट जाड आहेत. बूट बदलले. फ्लॅनेल तसंच. अनवाणी चाललं तरी फ्लॅनेल. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही, आणि दादाला तर मुळीच नाही.

दवाखान्यात एक सिस्टर होती, चाळिशीची, बोलायला चटपटीत, कामाला पक्की. दर तीन महिन्यांनी ती त्याला कॉटवर झोपवायची, डोळे मिटायला सांगायची आणि एका काडीला लावलेला नायलॉनचा जाड दोरा तळपायाला टेकवायची.

"लागलं की 'हो' म्हणायचं, मास्तर."

ती नायलॉनचा दोरा कधी टेकवतेय ते धाकट्याला पायाने कळायचं नाही. कानाने कळायचं. तिच्या पांढऱ्या कोटाला कडक खळ असायची, आणि हात पुढे झाला की बाही कोपरापाशी मोडायची. चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला खळीच्या सुती कापडाचा आवाज ऐकू येणार नाही तर कुणाला येणार?

खस्स. "हो."

खस्स. "हो."

"छान. पायाची जाण उत्तम आहे," सिस्टर लिहायची. धाकटा मोजे चढवायचा, खिडकीकडे बघत. आपण फसवतोय असं त्याला वाटत नव्हतं. परीक्षेत पास व्हायचं असतं, तसा तो पास होत होता.

अशाच एका भेटीत सिस्टरने त्याला पावलं मोजायचं यंत्र दिलं. काडेपेटीएवढं, मागे चाप असलेलं, पुढे आकडे. सोबत एक वही.

"हे कमरेला लावायचं. रोज संध्याकाळी आकडा वहीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात नेहमीसारखंच चाला, बघू किती होतात. मग दर पंधरा दिवसांनी पाचशे वाढवायची. एकदम उड्या मारायच्या नाहीत. आणि मास्तर, चालायला लागलात की रोज तळपाय बघायचे. बूट घालण्याआधी झटकायचे. अनवाणी फिरायचं नाही. ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला. त्या खोलीत 'हो' म्हणायची त्याला सवयच लागली होती.

पहिल्या आठवड्याचे आकडे त्याने पुन्हा पुन्हा वाचले. नऊशे. सातशे चाळीस. एकदा तर तीनशे दहा. त्याला वाटलं, हे कसं शक्य आहे? दिवसभर राबतो आपण! मग लक्षात आलं की पोट पुढे आल्यामुळे यंत्र कमरेवर उभं राहतच नाही, आडवं पडतं, आणि आडवं पडलं की मोजत नाही. इथपर्यंत त्याचं खरं होतं. दुसऱ्या कुणी सिस्टरला विचारलं असतं. पण हा पडला शिंपीकाम करणारा. अंगावर नीट बसत नाही म्हणजे शिवून बसवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

त्याने घोट्याभोवती बांधायची पट्टी शिवली. दुहेरी कापड, मध्ये यंत्राचा खिसा, बाजूला काज आणि बटण. पँटीचं राखी, चिवट गॅबर्डीन कापड हवं होतं, ते कपाटावरच्या बोचक्यात होतं. हात आधी वर गेला, मग मनाला कळलं की आपण काय काढलंय. क्षणभर तो तसाच थांबला. मग म्हणाला, वाया तरी कशाला घालवायचं, आणि कात्री चालवली. दादा खिडकीकडे तोंड करून कोटाला बटण लावत होता.

त्या संध्याकाळी आकडा आला आठ हजार दोनशे.

धाकट्याने यंत्र हलवून पाहिलं, पुसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी नऊ हजार. शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ आले, गणवेशांचे गठ्ठे दुकानात येऊन पडले, आणि आकडा अकरा हजारांवर गेला, तेरा हजारांवर गेला. कमरेला आडवं पडणारं ते यंत्र आपल्या हक्काची एवढी पावलं गिळत होतं, असंच त्याला वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोने वही बघून बोटं तोंडात घातली.

"अहो, तेरा हजार? तुम्ही? पाण्याचा ग्लास घ्यायला उठत नाही घरात!"

"दुकानात चालणं होतं," तो म्हणाला. "कपाट, टेबल, कपाट, टेबल."

तेरा हजार झाल्यावर माणूस घरी चालत कशाला येईल? तो बसने येऊ लागला. थाळीत भात पुन्हा वाढला. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जी एक चक्कर व्हायची तीही बंद पडली. सिस्टरने फोनवर आकडे ऐकले आणि "अहो, तुम्ही तर आमच्या सगळ्यांच्या पुढे गेलात" म्हणाली. एवढ्या मोठ्या आकड्याची तिला शंका यायला हवी होती. पण चांगली बातमी कुणी उलटून तपासत नाही.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखरेची सरासरी आठ पूर्णांक एक होती, ती आठ पूर्णांक नऊ झाली.

सिस्टरने कागद दोनदा वाचला. वही चाळली. "एवढं चालूनही?" ती स्वतःशीच म्हणाली. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि पुढच्या वेळी असंच राहिलं तर इंजेक्शनचा विचार करू म्हणाले.

धाकटा दवाखान्याच्या पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिला. न चालणाऱ्याला आशा असते की चाललो तर बरा होईन. आपण रोज तेरा हजार चालतोय आणि साखर चढतेच आहे. म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही. दादाच्या वाटेने आपण निघालोय आणि ही वाट कुठे जाते ते आपण बघितलंय, चार वर्षं रोज बघतोय. त्याने दुकानात कुणाला काही सांगितलं नाही. दादाने विचारलं, "काय म्हणाली सिस्टर?" तर म्हणाला, "छान म्हणाली." दादाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सुईत दोरा ओवला.

पुढच्या आठवड्यात मशीनचा चामडी पट्टा तुटला. नवा यायला एक दिवस लागणार होता. धाकट्याने हातशिलाईची कामं काढली आणि दिवसभर टेबलापाशी काढला. कपाट, टेबल, कपाट, टेबल. उलट नेहमीपेक्षा जास्तच उठला-बसला. संध्याकाळी पट्टीतून यंत्र काढलं.

एक हजार एकशे चाळीस.

बिघडलं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी नवा पट्टा चढवला, मशीन चालतंय का बघायला कापड न घालताच पायडल मारलं, आणि सहज नजर घोट्याकडे गेली. आकडा पळत होता. तो थांबला, आकडा थांबला. त्याने हळूच पायडल दाबलं. एक. पुन्हा दाबलं. दोन.

तीन महिने तो खुर्चीवर बसून चालत होता. बसल्या जागी तेरा हजार पावलं! हसण्यासारखी गोष्ट होती, दुसऱ्या कुणाची असती तर तोही हसला असता. पण त्याला दिसत होते ते वाया गेलेले तीन महिने, आणि त्या तीन महिन्यांत आत, रक्तात, फ्लॅनेलच्या खाली जे काही होत गेलं असेल ते. खिडकीशी दादाची सुई थांबली होती. धाकट्याने वर पाहिलं तेव्हा ती पुन्हा चालू झाली.

सिस्टरला सांगायला हवं होतं. पण कसं सांगणार? सगळा दवाखाना हसेल. झाकली मूठ झाकलेलीच बरी म्हणून त्याने मनाशी हिशेब मांडला: तीन महिन्यांची पावलं बाकी आहेत, ती फेडून टाकू, मग वही खरी होईल. पट्टी टेबलाच्या खणात टाकली. पँटीला बाजूला, पोट जिथे आड येत नाही तिथे, आतून एक छोटा खिसा शिवला आणि यंत्र त्यात ठेवलं. आता ते खरंच मोजत होतं.

आणि तो चालू लागला. पंधरा दिवसांनी पाचशे वाढवायची हे तो विसरला नव्हता, पण पाठीमागे वाघ लागलेला माणूस पावलं बेताने टाकत नाही. पहिल्याच दिवशी दहा हजार. सकाळी दुकान उघडण्याआधी बागेभोवती, दुपारी जेवण उरकून बाजाराच्या रस्त्याने, संध्याकाळी घरापर्यंत आणि घरावरून पुढे. जुनेच बूट, पातळ झालेल्या तळाचे. छातीत धाप लागायची, पिंढऱ्या भरून यायच्या, पण पाय दुखत नव्हते. तळपाय तर अजिबात नाहीत. याचंच त्याला नवल वाटायचं. बायको म्हणाली, "अहो, जरा दमाने." तो म्हणाला, "पाय काही म्हणत नाहीयेत."

गणवेशांचं काम अजून सरलं नव्हतं, आणि त्या दिवसांत दुकानाच्या जमिनीवर टाचण्यांचा सडा असतो. दादाने एका काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधलं होतं आणि रोज दुकान बंद करताना तो स्टुलावर बसल्या बसल्या काठी फिरवून टाचण्या गोळा करायचा. पण काठी टेबलाखालच्या कोपऱ्यात पोचत नसे. धाकट्याचे बूट त्याच कोपऱ्यात काढलेले असत.

पाचव्या दिवशी पडद्यांच्या अस्तराचं काम आलं. पांढरं शुभ्र अस्तर, टेबलावर मावत नव्हतं, म्हणून जमीन झाडून तिच्यावरच पसरलं. असं कापताना बूट काढावेच लागतात. धाकटा मोज्यांनी अस्तरावर चढला, टेप लावला, खडूने रेघ मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि कात्री घ्यायला वळला.

"थांब," दादा म्हणाला.

"काय झालं?"

"हलू नकोस. कापड बघ."

अस्तरावर ठिपके होते. तपकिरी, मसुरीएवढे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. धाकट्याचं पहिलं लक्ष गेलं ते कापडाकडे. "अरे देवा, तेल सांडलं! मशीनचं तेल. गिऱ्हाइकाला काय सांगू आता..."

"तेल नाही ते," दादा म्हणाला. तो स्टुलावरून वाकून ठिपके मोजत होता. "सात आहेत. तू चौदा पावलं चाललास. एकाच पायाचे आहेत. उजव्या."

धाकट्याला कळलं. कळलं तरी त्याने खाली पाहिलं नाही. तो समोरच्या भिंतीवर टांगलेल्या कोटाकडे बघत राहिला.

"इकडे ये," दादा म्हणाला. "पाय दाखव."

"काही नाही रे. घासलं असेल. बूट जुने आहेत."

"पाय दाखव म्हणतो ना!"

चाळीस वर्षांपूर्वी शिवण उसवायला लावताना दादा जसा ओरडायचा तसा ओरडला. धाकटा गेला, समोरच्या बाकावर बसला. दादाने त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि मोजा हळूच खाली ओढला. टाचेपुढे मोजा चिकटला होता. दादाने ओठ दाबून तो सोडवला. धाकट्याला काहीच लागलं नाही, आणि काहीच लागलं नाही यानेच त्याचा धीर सुटला.

"दादा, काय आहे? सांग. नको, सांगू नकोस."

दादाने काठीचं लोहचुंबक आधी पायाजवळ नेलं, मग म्हणाला, "बूट दे." बुटाच्या तळाला चुंबक खट्कन चिकटलं. दादाने आत हात घालून चाचपलं आणि बोट झटकलं. टाचणी तळातून आत शिरली होती, डोकं बाहेर रबरात रुतलेलं, टोक आत वर आलेलं. प्रत्येक पावलाला ते टोक पायात जात होतं आणि बाहेर येत होतं.

"कधीपासून?"

"काय माहीत. मला कळलंच नाही." मग धाकट्याने हुंदका दिला. "दादा, मला कळत नाही. दोन वर्षं झाली. पायाला काही कळतच नाही."

दादाने पाय उजेडाकडे वळवला. भोक लहानच होतं, पण कडेने कातडी पांढरी पडली होती आणि लाली चवड्यापर्यंत पसरली होती. असा पाय त्याने आधी पाहिला होता. त्याच्या हाताची बोटं गार पडलेली धाकट्याला घोट्यावर जाणवली. घोट्यापर्यंत त्याला अजून सगळं कळत होतं.

"ती पट्टी माझ्या पँटीची होती ना," दादा म्हणाला. "ओळखली मी. आणि तू पायडलवर पावलं मोजतोस तेही मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझे डोळे शाबूत आहेत."

"मग बोलला का नाहीस? मला खरंच माहीत नव्हतं, दादा. शपथ."

"मला वाटलं, मुद्दाम करतोयस. सिस्टरला फसवायला." दादाने मोजा घडी करून बाजूला ठेवला. "मी फसवायचो. तपासणीच्या आदले दोन दिवस काही खायचो नाही, म्हणजे साखर कमी दिसेल. कोणत्या तोंडाने बोलणार होतो तुला? चल. आत्ता. दुकान तसंच राहू दे."

दादा चार वर्षांत दवाखान्यात गेला नव्हता. त्या दिवशी गेला. रस्ता ओलांडताना धाकटा एका पायावर लंगडत होता आणि दादा दोन कुबड्यांवर, आणि कोण कुणाला सांभाळतोय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

सिस्टरने जखम उघडली, धुतली, आत औषधाची वात भरली. डॉक्टर आले, एक्स-रे काढला, हाडापर्यंत गेलं नाही म्हणाले. गोळ्या, रोज मलमपट्टी, आणि पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही.

"आणखी दोन-तीन दिवस गेले असते ना..." सिस्टर म्हणाली आणि दादाकडे नजर गेल्यावर गप्प झाली. मग तिने विचारलं, "इतके दिवस टाचणी पायात जात होती आणि तुम्हाला लागलं नाही?"

"सीझन होता," धाकटा म्हणाला. "कामाच्या गडबडीत..."

सिस्टरने काहीतरी लिहिलं. पायडलची गोष्ट मात्र त्याने सांगून टाकली. ती ऐकून सिस्टरला हसू आलं, मग आवरलं. म्हणाली, "अहो, मला आधी का नाही विचारलंत? मीही विचारायला हवं होतं म्हणा."

ते पंधरा दिवस धाकट्याने उशीवर पाय ठेवून काढले. चालायला तयार झालेला माणूस आणि चालायची बंदी. वहीत रोज शून्य लिहायचा. बायको पट्टी बदलायची तेव्हा तो आता बघायचा. दातावर दात दाबून, पण बघायचा. लाली कधी एक बोट मागे गेलीशी वाटायची, कधी पुढे आलीशी. एका सकाळी ताप आल्यासारखं वाटलं आणि तो आपल्याच कपाळावर हात ठेवून तासभर पडून राहिला, कुणाला हाक मारायचीही हिंमत होईना. ताप नव्हता. दादा दर दुपारी कुबड्यांवर घरी यायचा, पाय बघायचा, "कालच्यापेक्षा बरा" म्हणायचा आणि दुकानात परत जायचा. बायको म्हणाली, तुम्ही नाही तर निदान भाऊजी तरी चालायला लागले.

सोळाव्या दिवशी दोघं पुन्हा दवाखान्यात गेले. जखम भरत आली होती. सिस्टर समाधानाने हुंकारली. मऊ तळाचे बूट लिहून दिले, यंत्र कमरेच्या त्या शिवलेल्या खिशात नीट बसतंय का पाहिलं आणि खिशाचं कौतुक केलं.

"आठवडाभराने पंधराशेपासून सुरू करायचं. पंधराशे म्हणजे पंधराशे. आता आडवे व्हा. डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले. दादा कॉटशेजारी स्टुलावर बसला होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"लागलं की 'हो' म्हणायचं."

खस्स.

बाही मोडली. तो आवाज स्पष्ट आला, नेहमीसारखाच. 'हो' ओठांवर आलं. एक 'हो' म्हटलं की झालं, घरी जायचं, पायाची जाण उत्तम. खाली काहीच नव्हतं. पाय होता की नव्हता हेसुद्धा कळत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

सिस्टर थांबली. खस्स.

"नाही."

खस्स.

"नाही. सिस्टर, मागच्या वेळीही नव्हतं लागत. तुमच्या बाहीचा आवाज येतो मला. त्यावर म्हणायचो."

सिस्टरने दोरा खाली ठेवला, कोटाच्या बाह्या कोपरावर दुमडल्या आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा तपासलं, बोटांपासून टाचेपर्यंत, दोन्ही पाय. दहा जागांपैकी सहा जागी 'नाही' आलं. तिने पायाचं चित्र असलेल्या कागदावर सहा फुल्या मारल्या आणि कागद त्याच्या हातात दिला. "या सहा जागा रोज डोळ्यांनी बघायच्या. तुम्हाला वाकता येत नसेल तर दुसऱ्या कुणी."

"मी बघेन," दादा म्हणाला.

धाकट्याने नवे मोजे चढवले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याला वाटलं होतं, खरं बोललं की भीती जाईल. ती गेली नव्हती. बाहेरच्या पायऱ्यांशी दादा कुबड्या सावरत थांबला.

"माझा पायही अशाच काडीने तपासायचे," तो म्हणाला. "मला आवाजबिवाज काही यायचा नाही. मी नुसताच 'हो' म्हणायचो."

मग तो आधी उतरला, आणि धाकटा त्याच्या मागून, प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघत.